वळूची हजेरी

एक जिवंत वळू मी सरकारी यादीतून काढून टाकला आणि पुढं त्याच यादीवर विश्वास ठेवला. गाढवपणा काय तो एवढाच. बाकीचं ओघानं घडत गेलं, आणि ते घडताना मी सोला हॅट घालून तिथं जातीनं हजर होतो.

संस्थानं विलीन झाली त्या सुमाराची गोष्ट. साताऱ्याच्या शेतकी कचेरीतून माझी नुकतीच सांगलीला बदली झाली होती. कॉलेजातून बाहेर पडून फार काळ लोटला नव्हता, त्यामुळं मला येत नाही असं काही नव्हतं. सांगलीची कचेरी नवी, भिंतींना अजून चुन्याचा वास, पण खोल्या जुन्या कागदांनी भरलेल्या. आजूबाजूच्या संस्थानांची दप्तरं लाल फडक्यांत बांधून बैलगाड्यांतून येऊन पडली होती. राजे गेले, पण त्यांच्याकडं जाणारी पत्रकं कुणी थांबवलीच नव्हती. महिना सरला की खेड्यापाड्यांतून ती आपली येतच राहायची, आता आमच्या दारात.

आमचे साहेब एक दिवस अशाच एका गठ्ठ्याला ठेचकाळले. खरोखरच ठेचकाळले, अंगठ्याचं नख निघालं. पाय धरून खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "लढाई संपली, राजे संपले, हे का संपत नाही? तुम्ही तरुण आहात. ह्यातलं जे निरुपयोगी असेल ते बंद करून टाका."

खात्यात इतकी मोकळीक मला पुन्हा कधी मिळाली नाही. लाल-निळी पेन्सिल घेऊन मी त्या गठ्ठ्यांवर तुटून पडलो. पुण्याच्या पलटणीतल्या घोड्यांना गवत किती गेलं, याचं आठवड्याचं पत्रक होतं. घोडे केव्हाच गेले होते, त्यांच्या जागी मोटारी आल्या होत्या. तरी गवत 'निरंक' म्हणून इमानानं कळवलं जात होतं. राजवाड्याच्या डाळिंबांना पोपटांचा उपद्रव किती झाला, याचंही एक पत्रक होतं. डाळिंबाची बाग तोडून तिथं शाळा बांधून झाली होती, उपद्रव मात्र 'नेहमीप्रमाणे' होता. दसऱ्याच्या दरबारात वाटायची आपट्याची पानं कुठल्या रानातून आणावीत, यावर एका कारकुनानं अख्खी हयात घालवली होती. हे सगळं मी खोडलं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पोपट सुखात असावेत.

पण नुसतं खोडून माझं भागत नसे. दुपारच्या चहाला टेबलावर टेकून मी ही पत्रकं नकलांसकट वाचून दाखवायचो. आपल्याला नकला येतात असा माझा समज होता, आणि कचेरीत काम बेताचंच असल्यामुळं तो कुणी दूर करत नव्हतं. सगळे माझ्या चहाच्या वेळेची वाट बघतात, असं मला वाटे. बहुधा ते नुसतीच चहाची वाट बघत असावेत.

एके दिवशी हाती लागली 'वळूची हजेरी'.

आटपाडीच्या बाजूला, पाऊस ज्या मुलखाची वाट चुकतो त्या माळावर एक गाव. तिथं संस्थानानं पूर्वी एक खिल्लार वळू ठेवला होता, आसपासच्या गाईंसाठी. त्याला सांभाळणाऱ्यानं दर महिन्याला बाजाराच्या दिवशी वळू चालवत आटपाडीच्या कचेरीपुढं न्यायचा. तिथल्या कारकुनानं त्याच्या वशिंडावर हात ठेवून तो जिवंत असल्याची खात्री करायची आणि तसं वर कळवायचं. एका वळूसाठी एक पत्रक, दर महिन्याला. आणि कारकून रंगेल असावा.

"वळू हजर," मी दरबारी आवाजात वाचलं. "प्रकृती बरी. मिजास नेहमीची." पुढच्या महिन्याचं काढलं. "वळू हजर. कचेरीच्या पायरीवर शेण टाकले. शेण सरकारजमा केले." त्याच्या पुढचं. "वळू गैरहजर. कारण, कामात होता."

कचेरी पोट धरून हसली. एकाच्या नाकातून चहा आला. मग मी टेबलाभोवती मान डोलवत, पाय आपटत, वळू कचेरीत येतो कसा आणि सही कशी करतो, ते करून दाखवलं. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या.

फक्त हेडक्लार्क हसले नाहीत. सगळी उमर संस्थानात गेलेला माणूस. तपकिरीची डबी आणि एक मुरलेलं मौन, एवढंच ते तिकडून बरोबर घेऊन आले होते.

"ते तेवढं राहू द्या," ते म्हणाले.

"का? त्याची पेन्शन अडेल का?" मी म्हणालो. पुन्हा हशा.

हेडक्लार्कनी चिमूट ओढली आणि नाक पुसलं. मी पत्रकावर लाल रेघ मारली आणि आटपाडीला कळवून टाकलं, की यापुढं वळूची हजेरी घेऊ नये. सगळं उरकल्यावर पुढं कधीतरी मी त्यांना विचारलं, की तुम्हाला माहीत होतं तर तेव्हा सांगितलं का नाही? ते म्हणाले, "तुम्ही इतकी छान नक्कल करत होतात. मध्ये कसं बोलायचं?"

त्यांना माहीत होतं ते असं. कायद्यानं गावात वळू ठेवायचा तर त्याला खात्याची पसंती लागे. पसंती नसलेला वळू खच्ची करायचा, म्हणजे वाण बिघडत नाही. हा कायदा मला परीक्षेला होता आणि त्यात मला उत्तम गुण होते. पण त्या संस्थानात पसंतीचं वेगळं काही नव्हतंच. महिन्याची हजेरी हीच पसंती. हजेरीचं पत्रक आलं की वळू सरकारी. नाही आलं की तो कुणीच नाही. परीक्षेत हे विचारलं नव्हतं.

पत्रकं कमी केल्याबद्दल साहेबांना पुण्याहून शाबासकी आली. साहेबांना शाबासकी आली की त्यांना दुसऱ्या शाबासकीची भूक लागे. त्यांनी गावठी वळू खच्ची करून निकालात काढायची मोहीम जाहीर केली आणि मला सांगितलं, कुठल्या गावात कोणता पसंत वळू आहे, त्याची यादी करा. मी आलेली पत्रकं पुढं घेऊन यादी केली. आटपाडीकडून कैक महिन्यांत काही आलेलं नव्हतं. का आलं नसावं, असा प्रश्न मला पडला नाही. उलट तिकडची माणसं आळशी आहेत, असं मी साहेबांना सांगितलं, आणि त्या भागापुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

साहेबांनी सही केली. म्हणाले, "सुरुवात त्या आळशांपासूनच करा. तुम्ही स्वतः जा."

मिरजेच्या बाजारातून मी सोला हॅट विकत आणली आणि निघालो. माझ्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर होता. लढाईत तो खेचरांच्या पलटणीत होता, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. सर्व्हिस मोटारीत तो मेणकापडात गुंडाळलेला भला थोरला चिमटा मांडीवर घेऊन बसला होता, बाळंतिणीनं पोर घ्यावं तसा.

"सायेब, पयलं कसं, दगडानं चेचायचं," तो म्हणाला. "जनावर आठ-आठ रोज तळमळायचं. आता ह्यो इलायती. रगत न्हाई, जखम न्हाई. फकस्त कट्. एका सेकंदात काम तमाम."

मला पटावं म्हणून त्यानं शेजारच्या माणसाचा ऊस घेतला, एक कांडं चिमट्यात धरलं आणि दाबलं. "बगा. सालीला धक्का न्हाई. आत पार भुगा."

मी ते कांडं कौतुकानं उलटसुलट पाहिलं आणि खाऊन टाकलं.

गावात पोचलो तर चावडीपुढं निंबाखाली माणसं आधीच जमलेली. सांगलीचा साहेब येणार ही बातमी आमच्या आधी पोचली होती. पाटलांनी घोंगडं अंथरलं होतं, आणि समोर उभा होता वळू.

मी अनेक वळू पाहिले होते, पण ते पुस्तकात. हा दुधासारखा पांढरा, मानेला धुरकट झाक, शिंगं मागं वळून पुन्हा वर चढलेली. ज्या गावात माणसं दिवसाआड अंघोळ करत होती त्या गावात तो नखशिखांत धुतलेला होता. शिंगांना ताजा हिंगूळ, गळ्यात घुंगरांचा पट्टा. त्याचा कासरा एका बाईच्या हातात होता. चाळिशीची असेल. काष्टा घातलेला, कपाळ मोकळं. पूर्वी तिचा नवरा हा वळू सांभाळायचा. तो पटकीनं गेल्यावर संस्थानानं काम तिच्याकडंच राहू दिलं. गाय घेऊन येणारा प्रत्येक जण तिच्या सुपात पायलीभर बाजरी ओते, आणि त्यावर ती आणि तिची आंधळी सासू जगत. गाईच्या मालकांशी ती त्या विषयावर पदर न ओढता, डोळ्याला डोळा भिडवून बोले. गावाला हे आवडत नव्हतं, पण गावाच्या गाईंना वळू लागत होता.

"आवं, जरा हिकडं सरका की," ती म्हणाली.

मी सरकलो.

चावडीपुढं हशा पिकला. पाटलांनी डोळे पुसत मला समजावलं, "तुमास्नी न्हाई सायेब, वळूला म्हनली. नवऱ्याला म्हनायची तसं त्याला आवं-जावं करती ही."

मी हॅट नीट केली आणि करडा चेहरा केला. बाईला त्याचं काही नव्हतं. तिचा चेहरा उजळला होता.

"लय बरं झालं आलासा," ती म्हणाली. "दर म्हैन्याला ह्यास्नी घिऊन आटपाडीला जाते. कारकून म्हनतो, हजेरी बंद हाय, जा मागारी. वर हसतोय. तरीबी जाते. म्हनलं, बंद म्हंजे काय कायमची थोडीच आसंल? कवा तरी घेत्याल. आन बगा, आज सांगलीचं सायेब सोता आलं दारात. घ्या हजेरी. ह्यास्नी पाटंपासनं धुतलंय."

मी यादी उघडली. ती मला तोंडपाठ होती, तरी उघडली. यादी उघडल्यानं माणूस मोठा दिसतो.

"ह्या गावाचं नाव यादीत नाही," मी म्हणालो.

"कुनी केली यादी?"

"कचेरीनं."

"मंग घाला की नाव. समूर हुबं हायती. काय पळून चाललं का?"

"असं समोर बघून घालता येत नाही, बाई. त्याला महिन्याचं पत्रक यावं लागतं. हजेरीचं."

"आन हजेरी कुनी बंद केली?"

मी यादीचं पान उलटलं. मिजास नेहमीची. माझाच दरबारी आवाज माझ्या कानात घुमला, टेबलाभोवती आपटलेल्या पायांसकट.

"सरकारनं," मी म्हणालो.

"सरकार म्हंजे कोन?"

"गप की गं," पाटील म्हणाले. "सरकारला कोन इचारतंय?"

हे चाललं होतं तोवर हवालदार रिकामा बसला नव्हता. त्यानं चार गडी आणि पाय बांधायला जाड दोरांचे सोल घेतले होते. वळू काही त्यांना दाद देईना. एकाला त्यानं नुसत्या मानेच्या हिसड्यानं निंबाच्या बुंध्यावर टाकलं. मग हवालदारानं बाईलाच हाक मारली, "बाई, जरा खाली बसवा त्याला. तपासनी करायची हाय."

तपासणी म्हटल्यावर ती लगबगीनं गेली. वळूच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आवं, बसा. तपासत्यात. मंग हजेरी लागंल." त्याच्या मानेवर तिनं हात ठेवला मात्र, त्यानं पुढचे गुडघे मोडले आणि तो शहाण्यासारखा खाली बसला. गड्यांनी झटकन त्याला कुशीवर लोटलं, चारी पाय बांधले आणि एक जण मानेवर बसला. वळूनं एकदा तिच्याकडं पाहिलं. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला चुचकारत होती.

मग हवालदारानं मेणकापड सोडलं.

"ह्ये कशाला?" तिनं विचारलं.

"हुकूम हाय. यादीत न्हाई त्येला चेचायचा."

ती हवालदाराशी भांडली नाही. वळूचं डोकं मांडीवर तसंच ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "सायेब, तुमी सांगा की ह्येला. तुमचं ऐकंल त्यो. एक सबूद बोला. ह्ये गेल्यावर माझ्या दारात कोन यील गाय घिऊन? म्हातारीला काय घालू मी?"

एक शब्द पुरला असता. 'नको' हा शब्द मराठीत आहे आणि तो मला अगदी लहानपणापासून येत होता. पण 'नको' म्हटलं की 'का नको' हे सांगावं लागणार. गावापुढं, पाटलापुढं, हवालदारापुढं, नव्या हॅटखाली उभं राहून. मी घसा खाकरला.

"मी सांगलीला लिहितो," मी म्हणालो.

पत्रकं बंद करणारा मी! चावडीच्या कट्ट्यावर बसलो, मांडीवर पुठ्ठा घेतला, दोन कागदांत कार्बन घातला. तो उलटा घातला होता, म्हणून काढून पुन्हा घातला. 'सविनय सादर' लिहिलं. इथवर बरं गेलं. पुढं काय लिहायचं? 'मी हजेरी बंद केल्यामुळं' लिहिलं असतं तर कागद एका ओळीत संपला असता, पण त्याबरोबर मीही संपलो असतो. 'अनवधानानं' लिहावं, तर कुणाच्या? 'नजरचुकीनं' लिहावं, तर नजर कुणाची? 'सदर पत्रक बंद पडल्यामुळं' हे मला फार आवडलं. जणू ते आपणहून बंद पडलं, घड्याळ पडतं तसं. मी ते लिहिलं. मग वाटलं, 'बंद पडल्याचे दिसून आल्यामुळं' जास्त बरं दिसेल. खोडून तसं लिहायला घेतलं.

कट्.

आवाज खरंच लहान होता. उसाच्या कांड्याचा झाला होता तेवढाच. मी मान वर केली. हवालदारानं चिमटा काढून दुसऱ्या बाजूला लावला.

कट्.

वळू एकदाच ओरडला. त्या आवाजानं निंबावरचे कावळे उठले आणि घुंगरं बराच वेळ वाजत राहिली.

"अरे, मी लिहीत होतो ना!" मी ओरडलो.

हवालदार चिमटा पुसत होता. त्याला मनापासून नवल वाटलं. "व्हय की सायेब. लिवतो म्हनला. रोको म्हनला न्हाई. माझ्यापाशी सहीचा हुकूम हाय, लिवलेला. तुमचा तर आजून लिवायचाच हुता."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. पाटलांनी पान थुंकलं आणि शांतपणे म्हणाले, "चला. बरं झालं. लय माज आलता दोघास्नीबी."

गड्यांनी सोल सोडले. वळू उठला, पाय फाकून उभा राहिला. तोच पांढरा रंग, तीच हिंगूळ लावलेली शिंगं, अंगावर कुठं ओरखडासुद्धा नाही. बाईनं पडलेला कासरा उचलला, लुगड्याची माती झटकली आणि कासऱ्याला हिसका दिला.

"चल रं," ती म्हणाली.

ते सगळ्यांनी ऐकलं. मगाशी हसलेला माणूसही पुन्हा हसला नाही. वळू मात्र हलला नाही. त्याला त्या हाकेची सवय नव्हती. तिनं पुन्हा हिसका दिला, जोरानं, वेसणीत रक्त यावं इतका. "चल म्हनते न्हवं, ए!"

आता काहीतरी बोलणं मला भाग होतं. मी पुठ्ठा काखेत मारून तिच्यापाशी गेलो आणि शेतकी कॉलेजात शिकवलेल्या सगळ्या मऊपणानं म्हणालो, "बाई, असं करू नका. जनावर भारदस्त आहे, औताला छान चालेल. कडब्यासाठी एक अर्ज करा, मी कचेरीत स्वतः बघतो. आणि त्याची तब्येत कशी आहे ते दर महिन्याला कळवत जा. मी पत्रक सुरू करून घेतो."

ती थांबली. तिनं माझी हॅट पाहिली, काखेतला पुठ्ठा पाहिला, मग सावकाश नजर खाली आणत बुटांपर्यंत मला पाहून घेतलं. आणि साऱ्या चावडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ह्येला आत्ता चेचला, सायेब. तुमास्नी कवा चेचलं हुतं?"